विचारलंत म्हणून सांगते : लॉर्ड हाउ बेट आणि तिथले पहिले रहिवासी

मागच्या अंकात ऑस्ट्रेलियाच्या नकाशाबद्दल लिहिताना लॉर्ड हाउ बेटाचा जेमतेम दीड ओळीचा उल्लेख केला होता. ऑस्ट्रेलिया राहिला बाजूला, टपाल सगळं त्या दीड ओळीवर आलं. म्हणून या वेळी एकाच बेटावर मुक्काम.

बाई, तुम्ही लिहिलंत की या बेटावर १७८८ च्या आधी माणूसच नव्हता. माफ करा, पण हे पटत नाही. गोरे लोक जिथं गेले तिथं ‘इथं कुणी नव्हतं, आम्हीच शोधलं’ असं सांगत आले. मूळचे लोक कोण होते आणि त्यांचं काय झालं, ते सांगा.
— निवृत्त बँक कर्मचारी, जुळे सोलापूर

तुमची शंका रास्त आहे आणि ती तुमच्या एकट्याचीही नाही. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर हजारो वर्षं माणसं राहत असताना ती जमीन कुणाचीच नाही असं इंग्रजांनी धरून चाललं होतं. शेजारचं नॉरफोक बेट घ्या. कॅप्टन कुक तिथं १७७४ साली उतरला तेव्हा ते ओस होतं. पुढे तिथं खणलं तेव्हा कळलं की कुकच्या कितीतरी शतकं आधी पॉलिनेशियन लोक, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे दर्यावर्दी, तिथं राहून गेले होते. त्यांच्या चुली सापडल्या, दगडी हत्यारं सापडली, त्यांच्या होड्यांतून आलेल्या उंदरांची हाडंही सापडली.

म्हणूनच लॉर्ड हाउवरही पुरातत्त्वाची मंडळी याच संशयाने गेली. हाताला काही लागलं नाही. चूल नाही, हत्यार नाही, पॉलिनेशियन उंदराचं हाडसुद्धा नाही. हा उंदराचा पुरावा मला सगळ्यांत पक्का वाटतो. कारण माणूस आपल्या खुणा पुसून जाईल, उंदीर कशाला पुसेल? तेव्हा या एका बेटापुरतं इंग्रजांचं म्हणणं खरं आहे, असं मीही नाइलाजाने मान्य करते.

आता बेट किती मोठं, तर साडेचौदा चौरस किलोमीटर. आपल्या सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दीत अशी बारा बेटं बसतील. लांबी दहा किलोमीटर, रुंदी कुठेही दोनाच्या वर नाही. सिडनीपासून सुमारे पावणेआठशे किलोमीटर ईशान्येला, भर समुद्रात. जुन्या ज्वालामुखीचा हा उरलेला तुकडा. दक्षिणेच्या टोकाला माउंट गावर (८७५ मीटर) आणि माउंट लिजबर्ड (७७७ मीटर) असे दोन डोंगर, पश्चिमेला प्रवाळाच्या बांधाआड शांत खाजण. उन्हाळा बोचत नाही, थंडी गोठवत नाही.

फेब्रुवारी १७८८ मध्ये सिडनीची कैद्यांची वसाहत नुकती कुठं उभी राहत होती. तिथून ‘सप्लाय’ नावाचं जहाज नॉरफोक बेटावर दुसरी वसाहत मांडायला निघालं. त्याचा कप्तान लेफ्टनंट हेन्री लिजबर्ड बॉल. १७ फेब्रुवारीला त्याला वाटेत हे बेट दिसलं. त्याने बेटाला नाव दिलं नौदलाच्या मंत्र्याचं, लॉर्ड हाउचं. एका डोंगराला स्वतःचं मधलं नाव लावलं आणि समुद्रातून वर आलेल्या एका उभ्या सुळक्याला आडनाव, ‘बॉल्स पिरॅमिड’. साहेबाला खुश ठेवून स्वतःचीही सोय पाहणारा माणूस! परतीच्या वाटेवर मार्चमध्ये तो बेटावर उतरला आणि ताज्या मांसासाठी कासवं घेऊन गेला. सिडनीत तेव्हा ताज्या अन्नाची बोंब होती, त्यामुळे पुढच्या काही महिन्यांत इतर जहाजांनीही इकडे चकरा मारल्या.

त्यांतल्या एका जहाजावरच्या डॉक्टरने, आर्थर बोज त्याचं नाव, तिथल्या पक्ष्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. पक्षी माणसाला भीतच नव्हते. नुसतं उभं राहायचं आणि आखूड काठीने हवे तेवढे पाडायचे. ज्या पक्ष्यांच्या शंभर पिढ्यांनी माणूस पाहिलेला नाही, तेच असे वागतात. तुम्हाला हवा असलेला आणखी एक पुरावा हा घ्या. पांढऱ्या रंगाची एक मोठी पाणकोंबडी तिथं होती. पहिली वस्ती होण्याच्या आधीच खलाशांनी ती खाऊन संपवली. आता तिची चित्रं आणि संग्रहालयातले भुसा भरलेले नमुने उरले आहेत.

आणि मग तब्बल सेहेचाळीस वर्षं कुणी राहायला आलं नाही! सापडलं म्हणून कुणी बेटावर राहायला जात नाही, पोट भरलं तर जातो. ते पोट भरण्याचं साधन पुढे देवमाशाने आणलं. त्या काळी दिव्यांना आणि यंत्रांना देवमाशाचं तेल लागे. त्याची शिकार करणारी अमेरिकी-इंग्रज जहाजं महिनोन्‌महिने या समुद्रात फिरत आणि त्यांना पाणी, सरपण, भाजी, मांस लागे. १८३४ साली ‘कॅरोलाइन’ नावाच्या अशाच एका जहाजाने न्यूझीलंडहून तीन पुरुषांना इथं आणून सोडलं: ॲशडाउन, बिशप आणि चॅपमन. सोबत त्यांच्या माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी, बायका आणि दोन माओरी मुलगे. हे या बेटाचे पहिले रहिवासी. कुणी राजाश्रय घेऊन आलं नव्हतं की धर्मप्रसाराला. बटाटे लावायचे, डुकरं-कोंबड्या पाळायच्या, मासे धरायचे आणि जहाज लागलं की विकायचं, एवढाच हिशेब. ज्या किनाऱ्याला त्यांनी झोपड्या बांधल्या त्याला अजून ‘ओल्ड सेटलमेंट’ म्हणतात.

त्या माओरी बायकांची नावं मात्र कुठल्या पुस्तकात मला भेटली नाहीत. तीन आडनावं प्रत्येक जण लिहितो आणि पुढे ‘व त्यांच्या बायका’. रताळी-बटाट्याची शेती माओरींच्या हातची होती. निर्जन बेटावर पहिला मळा कुणाच्या अकलेने उभा राहिला असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

१८४१ मध्ये सिडनीच्या पूल आणि डॉसन यांनी ३५० पौंड देऊन या मंडळींचा सगळा पसारा विकत घेतला आणि ती निघून गेली. नव्या मालकांनी कामाला माणसं आणली. त्यांत अँड्र्यूज नावाचं एक कुटुंब होतं आणि त्यांच्याकडे लाल कांदा होता. आता मला सांगा, सोलापूरकराला कांद्यावर थांबल्याशिवाय पुढे जाता येईल का? डिसेंबर-जानेवारीत आपल्या बाजार समितीबाहेर कांद्याच्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कळेल की कांद्यावर घरं उभी राहतात आणि कांद्यावर बसतातही. ‘लॉर्ड हाउ रेड’ या नावाने हा कांदा तीसेक वर्षं त्या भागात खपला. टिकाऊ असल्याने जहाजांवर त्याला मागणी होती. मग काणीसारखा बुरशीचा रोग पडला आणि पीक गेलं.

१८५३ साली आला नेथन थॉम्पसन, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. हा गिल्बर्ट बेटांवरून आला, म्हणजे आजच्या किरिबातीतून, आणि त्याच्याबरोबर तिथल्या काही स्त्रिया आणि मुली होत्या. त्यांतल्या एकीशी त्याने लग्न केलं आणि ती वारल्यावर दुसरीशी. यांची नावं निदान लिहून तरी ठेवली गेली, जरी दर कागदात स्पेलिंग निराळं असलं तरी. थॉम्पसनने किनाऱ्याला वाहत आलेल्या सीडरच्या ओंडक्यांचं पक्कं घर बांधलं, जहाजांशी देवघेव केली आणि एक प्रकारे बेटाचा पाटीलच झाला. त्याचे वंशज आजही बेटावर आहेत, थॉम्पसनच्या नावाचं दुकानही आहे. म्हणजे तुमच्या ‘मूळचे लोक कोण’ या प्रश्नाचं उत्तर असं आहे: एक अमेरिकी खलाशी, किरिबातीच्या लेकी, टास्मानियाचे दर्यावर्दी, इंग्लंडचे मजूर. आदिवासी नाहीत आणि कुणाला हुसकलेलंही नाही. जगाच्या पाठीवर अशी जमीन फार थोडी.

माझी विजापूर रोडला नर्सरी आहे. पुण्याच्या गिऱ्हाइकांकडून ‘केंटिया पाम’ची मागणी येते. घाऊक दर अरेका पामच्या कितीतरी वर. हा खरंच त्या बेटाचा आहे का, आणि एवढा महाग का?
— नर्सरीचालक, सोलापूर

खरंच त्याच बेटाचा. त्याचं शास्त्रीय नाव ‘हाउइया’ हे बेटावरूनच पडलं. आणि बेट तगलं तेही याच झाडावर.

रॉकेल निघालं तसं देवमाशाच्या तेलाला कुणी विचारेना. १८७० च्या दशकात जहाजं येणं कमी झालं, म्हणजे गिऱ्हाईकच गेलं. गिरण्या बंद पडल्यावर आपल्याकडे चाळीचाळीतून काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथं नशिबाने रानातच दुसरा माल उभा होता. युरोपात तेव्हा दिवाणखान्यात ताडमाड ठेवायची हौस आली होती, पण तिथल्या अंधाऱ्या, थंड, कोळशाच्या धुराने भरलेल्या खोल्यांत उष्ण देशांतली झाडं माना टाकत. केंटियाला कमी उजेड चालतो, थंडी चालते, कोरडी हवा आणि हेळसांड दोन्ही चालतं. मोठमोठ्या हॉटेलांच्या ‘पाम कोर्टा’त तो जाऊन बसला. १८८० नंतर बेटाचा संसार बियांच्या पोत्यांवर चालू लागला. माणसं पायांना पट्टा अडकवून गुळगुळीत खोडावर चढत, आपल्याकडे नारळ काढणारे चढतात तशी, आणि बियांची कणसं खाली आणत.

महाग का, तर बी झाडावर पिकायलाच चारेक वर्षं लागतात. पेरल्यावर उगवायला महिने, कधी वर्ष. उगवल्यानंतरही वाढ संथ. अरेका तुम्ही दोन वर्षांत विकाल, याला धीर पाहिजे. गेल्या काही दशकांपासून बेटावरच रोपवाटिका आहे आणि रोपंही बाहेर जातात. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात मात्र हा पाम उघड्यावर ठेवू नका, पानं करपतील. सावलीची जाळी दुहेरी करा आणि कुंडीत पाणी साचू देऊ नका.

बाई, मी नववीत आहे. इंटरनेटवर लिहिलंय की लॉर्ड हाउ बेटावर उन्हाळ्यात घड्याळ अर्धाच तास पुढे करतात. बाकी ठिकाणी एक तास करतात ना? मग भारतापेक्षा ते किती पुढे?
— विद्यार्थिनी, बार्शी

बरोबर वाचलंस. घड्याळ अर्धा तास सरकवणारं जगात हे एकच ठिकाण. त्यांची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेदहा तास पुढे, आपली साडेपाच. वजाबाकी कर, नेमके पाच तास. म्हणजे जुलैत बार्शीत दुपारचे बारा वाजले की तिथं संध्याकाळचे पाच. त्यांचा उन्हाळा ऑक्टोबर ते एप्रिल, तेव्हा साडेपाच. गंमत अशी की उन्हाळ्यात बेट आणि सिडनी यांची वेळ एकच होते आणि हिवाळ्यात बेट अर्धा तास पुढे जातं. हे का ते नकाशावर रेखांश पाहून तूच शोध आणि मला कळव.

नान्नजच्या माळढोकबद्दल आता काही बोलण्यासारखं राहिलं नाही. तुम्ही त्या बेटावरची ‘वुडहेन’ नावाची पाणकोंबडी नामशेष होता होता वाचली असं ओझरतं लिहिलंत. कशी वाचली? आणि उंदरांचं काय प्रकरण?
— शेतकरी, वडाळा (उत्तर सोलापूर)

तुमच्या पत्रातलं पहिलं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. १९७९ साली नान्नजला अभयारण्य झालं, तेव्हा शाळेच्या सहलीत मुलांना माळावर उभं करून ‘तो बघा, तो बघा’ करता येत होतं. आता गणनेत एक पक्षी दिसला तरी पेपरात बातमी येते.

उंदरांपासून सुरू करते. जून १९१८ मध्ये ‘मकॅम्बो’ नावाची आगबोट बेटाच्या खडकावर चढली. डागडुजी होऊन ती निघेपर्यंत काही दिवस गेले आणि तेवढ्यात काळे उंदीर पोहत किनाऱ्याला लागले. तोवर बेटावर घरातली पिटुकली उंदरं होती, पण हे निराळं प्रकरण. झाडांवर चढणारे, अंडी फोडणारे. काही वर्षांतच पक्ष्यांच्या पाच जाती कायमच्या गेल्या. पामच्या बिया कुरतडल्या गेल्या, म्हणजे माणसांच्या पोटावरही पाय आला. उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावलं. ते पुरेना म्हणून १९२० च्या दशकात बाहेरून घुबडं आणून सोडली. घुबडांनी उंदीर खाल्ले, पण उरलेले पक्षीही खाल्ले. रोगापेक्षा औषध भारी!

हातभर नाही पण वीतभर लांबीचा, काळाकुळकुळीत, पंख नसलेला एक काडीकिडा तिथं होता. मासेमारीसाठी गळाला लावायचे इतका मुबलक. तोही १९२० नंतर दिसेनासा झाला आणि नामशेष म्हणून नोंदला गेला. मग २००१ साली त्या बॉल्स पिरॅमिडवर, भर समुद्रातल्या उभ्या कड्यावर, एका झुडपाच्या बुडाशी चोवीस किडे सापडले. त्यांतल्या दोन जोड्या २००३ मध्ये खाली आणल्या आणि मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात त्यांची पैदास केली. आज ते हजारोंनी आहेत.

वुडहेन म्हणजे तपकिरी रंगाची, उडता न येणारी, कोंबडीएवढी पाणकोंबडी. १९७० च्या दशकात ती तिसाच्या आत आली होती आणि तीही माउंट गावरच्या माथ्यावर, जिथं मोकाट डुकरं चढू शकत नव्हती. म्हणजे शत्रू उंदरांपेक्षा जास्त डुकरं, आणि ती कुणी आणली? माणसांनीच, खाण्यासाठी. जुना उद्योग असा पुढे अंगावर आला. सरकारने रानडुकरं संपवली, मांजरं काढली, १९८० च्या सुमारास काही जोड्या पिंजऱ्यात आणून पिल्लं वाढवली आणि परत सोडली.

उंदरांचा निकाल लागायला २०१९ उजाडलं. गावात आणि जंगलात हजारो पेट्यांतून, डोंगरावर हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकलं. बेटावर या प्रश्नावरून घराघरांत भांडणं होती. पोरंबाळं आहेत, गाईगुरं आहेत, पर्यटक बिचकतील, हे आक्षेप काही वेडेपणाचे नव्हते. विष टाकायच्या आधी दोनशेच्या वर वुडहेन पकडून कुंपणात ठेवल्या, नंतर सोडल्या. काही वर्षांत त्यांची संख्या हजारावर गेली! २०२१ मध्ये पुन्हा काही उंदीर सापडले, पळापळ झाली, वास काढणारी कुत्री कामाला लागली. पहारा चालूच आहे.

तुम्ही विचाराल, मग माळढोकचं का नाही झालं? बेटाला समुद्राचं कुंपण आहे, माळाला नाही. माळढोक वर्षाला एकच अंडं घालतो, तेही उघड्यावर. त्याला लागतो मोकळा माळ आणि आपल्याकडे तो उसाखाली, विजेच्या तारांखाली गेला. शेतकऱ्याला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. अभयारण्याची हद्द कागदावर प्रचंड आखली आणि लोकांची खरेदी-विक्री अडवून ठेवली, तेव्हा पक्षी लोकांना नकोसा झाला, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय.

आपल्या सिद्धेश्वर तलावातल्या बेटाचा इतिहास सोडून परदेशी बेटं कशाला?
— एक नाराज वाचक, मंगळवेढा

सिद्धेश्वरावर दर संक्रांतीला गड्डा यात्रेच्या अंकात पानं भरून येतं. दुसरं असं की सोलापुरात पहिलं कोण आलं हे सांगायला गेले तर लिंगायत, पद्मशाली, मराठे, मोमीन सगळे मला फोन करतील. लॉर्ड हाउला निदान तारीख आहे.

मुलगा सिडनीत स्थायिक आहे. त्या बेटावर एखादा प्लॉट घेता येईल का? निदान जाता तरी येईल का?
— वकील, पंढरपूर

प्लॉट विसरा, वकीलसाहेब. बेटावरची जमीन सरकारची. सुरुवातीला कुणाकडेच कागद नव्हता, सरकारची मर्जी असेतो राहायचं. १९५३ च्या कायद्याने रहिवाशांना कायमचे भाडेपट्टे मिळाले, ते वारसांना जातात. बाहेरच्या माणसाला पट्टा मिळणं जवळजवळ अशक्य, आधी वर्षानुवर्षं तिथं राहून ‘आयलंडर’ ठरावं लागतं. कारभार एक मंडळ पाहतं. वस्ती चारशेच्या आसपास आणि एका वेळी पर्यटकही चारशेच.

जायला सिडनीहून दोन तासांच्या आत विमान आहे. धावपट्टी १९७४ ची. त्याआधी १९४७ पासून सिडनीहून पाण्यावर उतरणारी विमानं भरतीची वेळ साधून खाजणात उतरत. त्याच खाजणात १९३१ साली न्यूझीलंडहून एकट्याने उडत निघालेला फ्रान्सिस चिचेस्टर उतरला होता. रात्रीच्या वादळात त्याचं छोटं विमान उलटलं. बेटकऱ्यांनी हाताशी येऊन पंख पुन्हा बांधून दिले आणि दोनेक महिन्यांनी तो सिडनीकडे उडाला.

मुलाला सांगा, आधी राहायची खोली मिळते का पाहा, मग विमानाचं तिकीट काढ. खोल्या मोजक्याच, आणि डिसेंबर-जानेवारीच्या कितीतरी आधी संपतात. सामान कमी न्यायचं, विमान लहान असतं. आणि विमानतळावर बॅगेत फळं-भाज्या असतील तर आधीच सांगायचं.